कबरीने खाल्लेला हार

औरंगपुऱ्यात आमच्या मुलाचं सोन्याचांदीचं दुकान आहे. त्याला तो शोरूम म्हणतो. तिथं दोन एसी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत निम्मी गिऱ्हाइकं सोनं घ्यायला येतात आणि निम्मी थंड हवा घ्यायला. दुपारी जेवण झालं की मीही तिथं कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसतो. पाच मिनिटांत मला शिंका सुरू होतात आणि सूनबाई शाल आणून देते. पन्नास उन्हाळे मी पंख्याशिवाय काढले. अंगाला आता वाऱ्याची सवयच राहिलेली नाही.

पंखा परवडत नव्हता असं कुणी समजू नये. सोनाराच्या कामाला पंखा चालतच नाही. आम्ही तोंडात फुंकणी धरून दिव्याची ज्योत दागिन्याच्या नेमक्या जागी वळवतो. त्याला डाग देणं म्हणतात. वारा आला की ज्योत भलतीकडे जाते आणि तयार दागिन्याचा गोळा होतो. शिवाय कानस मारताना सोन्याचा कीस पडतो. तो वाऱ्यानं उडाला की गिऱ्हाइकाचं सोनं गेलं आणि आमची अब्रू गेली. म्हणून दारं अर्धी लावून, पुढं शेगडी पेटवून, बनियनवर बसायचं. लगीनसराई नेमकी उन्हाळ्यात. लोकांना वाटायचं सोनार सोन्यात लोळतो. प्रत्यक्षात आम्ही घामात लोळत होतो.

आमचं घर करमाडचं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. निजाम गेला, पुढं त्याचा हाली रुपया चालेनासा झाला, आणि खेड्यापाड्यांतल्या बायका पुरून ठेवलेली चांदीची नाणी पदरात बांधून आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. वडिलांनी ती वितळवून पोरांचे वाळे केले. ते म्हणायचे, निजामाचं राज्य गेलं आणि करमाडच्या पोरांच्या पायांत वाजायला लागलं. मी फुंकणी धरायला शिकलो तो त्या हाली रुपयांवरच.

आता मुख्य मुद्दा. आमच्या भागात जुनी चाल होती, ती म्हणजे सोनार घरी बसवायचा. घरचं सोनं दुकानात पाठवायचं नाही, सोनारालाच ऐरण-शेगडीसकट घरी आणायचं आणि डोळ्यांसमोर दागिना घडवून घ्यायचा. चार दिवस लागोत की आठ, जेवणखाण त्यांच्याकडे. खायला घालताना हात आखडता नाही, आणि नजर ठेवण्यातही नाही. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ हे आमच्याकडे पोराला पाढ्यांच्या आधी शिकवतात. आमच्या सोबतीला शिंपी आणि कुलकर्णी आहेत, तेवढंच त्यातल्या त्यात समाधान.

काम सुरू व्हायच्या आधी सोनं चार माणसांसमोर तोलायचं. शेगडीची राख टाकायची नाही, झाडलेला केर घरमालकाच्या ताब्यात. एका गावात मला टोपी काढून बोडक्यानं काम करायला लावलं होतं. कारण विचारलं तर म्हणे पूर्वी एक सोनार डोक्याला चप्प तेल लावून यायचा, कीस लागलेला हात सारखा केसांवरून फिरवायचा आणि घरी जाऊन डोकं धुवायचा. हा सोनार कुठल्या गावचा ते कुणालाच माहीत नसतं, पण त्याची गोष्ट प्रत्येक गावात असते. खोटं कशाला बोलू, त्याची युक्ती ऐकून मला आमच्या धंद्याचा थोडा अभिमानच वाटला.

बहात्तरच्या दुष्काळाआधी दोन-तीन वर्षांची गोष्ट. करमाडपासून दोन कोसांवर उत्तमराव म्हणून एक शेतकरी होते. विहीर बागायत, दोन बैलजोड्या, चांगलं खातंपितं घर. त्यांची थोरली मुलगी शांता, तिचं लग्न ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर ठरलं आणि मला बोलावणं आलं. दारापुढं मोठा लिंब होता, त्याच्या सावलीत माझी बैठक मांडली. उत्तमरावांच्या मंडळी, कौसाबाई, आतून फडक्यात गुंडाळलेली पुतळ्यांची माळ घेऊन आल्या. त्यांच्या आईची माळ. ती मोडून लेकीला नवीन काहीतरी करायचं होतं. सोनं तोलून मी पुतळ्या मुशीत टाकल्या तेव्हा कौसाबाईंनी तोंड फिरवलं. जुना दागिना वितळताना बायका असंच करतात. त्या वेळी सोनारानं काही बोलू नये, खाली बघून फुंकत राहावं.

माझ्यावर पहारा होता शांताच्या आजोबांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. वय सत्तरीच्या पुढं, मिशा पांढऱ्या, हातात काठी. समोर बाज टाकून ते सकाळी जे बसत ते दिवे लागेपर्यंत हलत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं.

“अण्णा, तुमच्यावर माझा इस्वास हाय. पर सोन्यावर नाय.”

शांता मोठी हुशार पोर. मी दागिन्यांची नावं घेतली तर प्रत्येकाला नाक मुरडत होती. शेवटी म्हणाली, “अण्णा, असं कायतरी करा की सासरी कुणाच्याच गळ्यात नसंल.”

सांगायला सोपं. आमच्या वाडवडिलांकडे नक्षीची पुस्तकं नव्हती. त्यांनी शेताचा बांध बघितला आणि दागिने केले. बोरं बघून बोरमाळ केली, जोंधळ्याचे दाणे बघून जोंधळी पोत, गव्हावरून गहूतोडे, चिंचेवरून चिंचपेटी. जे काही पिकतं ते सगळं बायकांच्या गळ्यात आणि मनगटात आधीच जाऊन बसलेलं होतं. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलंय की नाही, असा विचार करत मी तंबाखू मळत बसलो होतो, तेवढ्यात माझ्या डोक्यात वरून एक लिंबोळी पडली. पिकलेली, पिवळीधमक, दोन्ही टोकांना निमुळती. ती टोपीवरून घरंगळत ऐरणीवर आली आणि थांबली. आबा म्हणाले, “कावळा असंल.” मी म्हणालो, “आबा, हार सापडला.”

रंग तर सोन्याचाच होता, आकारही मण्याचा. आणि कडू म्हणून आजवर कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. काशाच्या ठोकळ्यात नेमका खळगा कोरायला मला एक दिवस लागला. सोन्याचा पातळ पत्रा त्यात ठोकून अर्धी अर्धी टरफलं काढायची, दोन टरफलं डाग देऊन जोडायची, बारीक भोकातून आत लाख भरायची. लाख भरली की मणी चेपत नाही आणि थोड्या सोन्यात भरदार दिसतो. असे एकवीस मणी व्हायचे होते. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ झाले आणि ते इतके हुबेहूब झाले की माझी मलाच दृष्ट लागावी.

आणि इथं मला माज चढला. सोनाराचा माज हातात असतो, तोंडात नसतो, असं वडील म्हणत. माझा त्या दिवशी दोन्हीकडे चढला. झाडाखालच्या ताज्या, पिकल्या पन्नासेक लिंबोळ्या मी पितळेच्या परातीत पसरल्या, त्यात माझे नऊ मणी मिसळले आणि घरातल्या बायकांना म्हणालो, “हातभर लांबून ओळखा, सोनं कुठलं अन् लिंबोळी कुठली.” कौसाबाईंनी दोनदा बोट दाखवलं, दोन्हीदा लिंबोळीकडे. आबा म्हणाले, “सरा बाजूला, सोनं दातानं वळखत्यात,” आणि त्यांनी एक उचलून कचकन चावली. लिंबोळीच निघाली. शांता इतकी हसली की तिला ठसका लागला. इतक्या दिवसांत कौसाबाई पहिल्यांदा हसल्या.

तेवढ्यात वेशीत कासार आल्याची आरोळी आली. लग्नघरात कासार म्हणजे सगळं काम बंद. बायका बांगड्या भरायला पळाल्या. उत्तमराव मांडवाचं सामान आणायला गेलेले. मलाही जरा आडोशाला जायचं होतं. मी रीतसर उठलो, आबांना दोन्ही हात झटकून दाखवले, धोतराचा सोगा झटकला आणि गोठ्यामागं गेलो. परत आलो तर आबांची हनुवटी काठीवर टेकलेली, मिशा श्वासाबरोबर वरखाली होत होत्या.

परात रिकामी होती. लिंबोळी नाही की मणी नाही. परात इतकी स्वच्छ की तीत मला माझं तोंड दिसलं. ते काही बघण्यासारखं राहिलेलं नव्हतं.

“आबा! आवं आबा! मणी कुठंयत?”

आबा दचकून ताठ बसले. “काय झालं? म्या जागाच हाय.”

“कुणी आलं होतं का इथं?”

“कोन येतंय? म्या बसलोय ना हितं. चिटपाखरू आलं नाय.”

“तुमचा डोळा लागला होता आबा.”

“माझा? माझा डोळा?” आबांनी काठी आपटली. “निजामाच्या वक्ताला सहा महिने रातपाळीनं गावाचा पहारा केलाय म्या. माझा डोळा लागत नाय!”

एव्हाना बायका परतल्या. अर्ध्या हातात हिरव्या बांगड्या, अर्धा हात मोकळा. काय झालं ते सर्वांना कळलं आणि मला माझी परिस्थितीही कळली. हिशोब अगदी सरळ होता. आबा झोपले असतील तर मणी कुणीही नेलेले असू शकत होते. आबा झोपले नसतील तर मणी फक्त मीच घेऊ शकत होतो. आणि आबा काही केल्या झोपायला तयार नव्हते.

“अण्णा,” कौसाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्या आईचं सोनं हाय ते.”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सोनाराला चोर म्हणणं ही आमच्याकडे थट्टा आहे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक म्हणतात, आम्हीही हसतो. पण खरोखरीचं सोनं खरोखर नाहीसं झालं आणि समोर मी उभा, असं आयुष्यात एकदाच झालं. ही बातमी दुसऱ्या दिवशी करमाडच्या बाजारात पोचली असती आणि मग माझ्या शेगडीशी कुत्रंसुद्धा येऊन बसलं नसतं. वडिलांनी तीस वर्षांत कमावलेलं नाव होतं.

उत्तमराव आले. भला माणूस, त्यांनी मान खाली घालून मला म्हटलं, “अण्णा, मनाला लावून घेऊ नका, पर झडती द्यावी लागंल.” दिली. टोपी उलटी केली, बनियन काढली, धोतर सोडून लंगोटावर उभा राहिलो. बायका पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, त्यातल्या दोघी पदराच्या फटीतून बघत होत्या. आबांनी तोंड उघडायला लावून काठीच्या टोकानं आत चाचपल्यासारखं केलं. शेगडीची राख चाळून झाली. मणी नाहीत.

धोतर पुन्हा नेसायला खाली वाकलो आणि परातीशेजारी मला ती दिसली. एक लेंडी. काळी, चकचकीत, अजून ओली. जवळच आणखी तीन. माझ्या जन्मात मला कुठल्या दागिन्याचा एवढा आनंद झाला नसेल.

“शेळी!” मी ओरडलो. “शेळी आली होती! लिंबोळ्यांबरोबर मणी खाल्ले तिनं!”

“शेळी आलीच नाय,” आबा म्हणाले. “म्या जागा होतो.”

उत्तमरावांच्या पडीक रानात त्या उन्हाळ्यात एका धनगर बाईचा कळप बसवलेला होता. मेंढ्या रानात बसल्या की लेंडीखत पडतं, जमीन सुधारते, आणि शेतकरी बदल्यात धान्य देतो. गिरजाबाई तिचं नाव. साठीची, उंच, काटक, सून-नातवंडांना घेऊन कळप सांभाळायची. तिच्या मेंढ्यांत चार-पाच शेळ्याही होत्या. तिला बोलावून आणलं. तिनं खाली बसून एक लेंडी बोटात धरली, दाबून बघितली.

“कबरीची हाय,” ती म्हणाली. “लई वाह्यात. हुंबऱ्याच्या आत शिरती.”

आम्ही ऐरणीवर सोनं पारखतो, तितक्याच सहज तिनं ते सांगितलं. कबरी शोधून आणली. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची शेळी, पोट फुगलेलं, गाभण. ओठ चाटत होती.

उत्तमराव म्हणाले, “मावशे, शेळीचे जे व्हतील ते दाम देतो. पाच दिसांवर हळद हाय. शेळी कापू.”

आता मी खरं लिहितो. त्या क्षणी मला शेळीची दया वगैरे काही आली नाही. मला सुरी कुठं आहे एवढंच सुचलं. पोट फाडलं की सोनं बाहेर, सोनं बाहेर की मी सुटलो. गाभण जनावर आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण ते आत पोचत नव्हतं.

गिरजाबाई कबरीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. “कापायची नाय. पोटात दोन जीव हायत तिच्या. अन् कापायचं कामच काय? शेळी लिंबोळी गिळती, पर बी पोटात ठेवती व्हय? रवंथाला बसली की गर खाती अन् बी थुकती. माझ्या वाडग्यात येऊन बगा, बियांचा सडा पडलेला असतो. तुमचे मणी बी थुकंल. उद्या दुपारपोत्तर दम धरा.”

आम्ही सगळे शेतीतले नाहीतर शेतीच्या कडेला राहणारे, पण हे कुणालाच माहीत नव्हतं. उत्तमराव माझ्याकडे बघायला लागले. मी शेळीकडे. शेवटी ठरलं की उद्या दुपारपर्यंत थांबायचं, मग सुरी. तोपर्यंत कबरी लिंबाखाली बांधायची आणि तिच्यावर पहारा ठेवायचा.

म्हणजे आदल्या दिवशी मी जिथं बसलो होतो तिथं शेळी बसली आणि आबांच्या बाजेवर त्यांच्याशेजारी मी. गिरजाबाईनं खालची जागा शेणानं सारवून घेतली होती. सकाळी दहाच्या सुमाराला गावातली रिकामी माणसं जमली. शेळीनं पाय दुमडले, डोळे अर्धवट मिटले आणि जबडा आडवा हलवायला लागली. तिच्या गळ्यातून गोळा वर यायचा तो स्पष्ट दिसायचा, आणि तो वर आला की पंचवीस माणसं श्वास रोखायची. पहिली बी पडली. लिंबोळीची. दुसरी, तिसरी, लिंबोळीचीच. पाण्याची पाळी असलेला एक शेतकरी पाळी सोडून बसला होता.

मग ‘टक्’ असा आवाज आला. बी अशी वाजत नाही. गिरजाबाईनं दोन बोटांनी उचलून पदराला पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. माझा मणी. एका बाजूला दाताची खूण, बाकी जसाच्या तसा. मला रडू फुटलं. पंचवीस माणसांसमोर मी शेळीपुढं बसून रडलो आणि कबरी माझ्याकडे बघत शांतपणे चावत राहिली.

दुपारपर्यंत सात मणी आले. प्रत्येक मण्याला लोक ‘आला, आला’ असं ओरडत. आबा म्हणाले, “म्या कवा म्हणलं शेळी आली नाय? म्या म्हणलं मला दिसली नाय.” सगळ्यांनी ते मानून घेतलं. लग्नघर होतं.

पण सातावर गाडी थांबली. कबरी उठली, अंग झाडलं, चारा मागायला लागली. ऊन डोक्यावर आलेलं. उत्तमरावांनी सुरीचं नाव काढलं नाही, पण त्यांनी गिरजाबाईकडे बघितलं आणि तिनं शेळीच्या मानेवर हात ठेवला. माझ्यावरचा आळ आता गेला होता. माणूस सुटला की उदार होतो. मी म्हणालो, “दोन मणी माझ्या पदरचे. शेळी सोडा.”

घरी जाऊन सोनं आणावं लागलं आणि घरी सोनं म्हणजे बायकोच्या कुड्या. सोनाराच्या बायकोच्या अंगावर फार नसतं, तिचंही ऐका. “शेळीनं खाल्लं शेतकऱ्याचं सोनं,” ती म्हणाली, “ते सोनाराच्या बायकोनं काहून भरायचं?” तरी तिनं कुड्या काढून दिल्या आणि मी त्या घेऊन खालमानेनं निघालो.

हार हळदीच्या आदल्या संध्याकाळी पुरा झाला. दाताच्या खुणा मी मुद्दाम काढल्या नाहीत, वर बारीक पान कोरून झाकल्या. शांताच्या गळ्यात तो काय शोभला म्हणून सांगू! कौसाबाईंनी आईच्या माळेचं नाव काढलं नाही, नुसता लेकीच्या गळ्यावर हात फिरवला. मी त्याचं नाव लिंबोळीहार ठेवलं होतं. गावानं ठेवलं शेळीमाळ. पुढच्या सराईत मला पाच शेळीमाळांची कामं आली. दौलताबादेकडच्या एका बाईनं तर विचारलं, शेळीचे दात तुमचे तुम्हीच उठवता की शेळी आम्ही आणायची.

इथं थांबलो असतो तर मी या गोष्टीतून चांगला बाहेर पडलो असतो. पण उरलेले दोन मणी माझ्या डोक्यातून जाईनात. गिरजाबाई दुसऱ्याच दिवशी कळप घेऊन पुढच्या रानात गेली होती. मण्याला हात पहिल्यांदा तिचाच लागत होता. पदराला पुसत तीच होती. सात आले मग दोनच कसे अडले? बायको रोज रिकाम्या कानांनी समोर वावरायची. एक दिवस शेजारच्या कापडवाल्याकडे चहा पिताना मी बोलून गेलो, “ते दोन मणी शेळीच्या पोटात नाहीत. म्हातारीच्या कमरेला आहेत.” कापडवाला हसला. मीही हसलो. थट्टाच ती.

पावसाळा गेला. घट बसायच्या सुमाराला एका बाजारच्या दिवशी गिरजाबाई करमाडला माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिच्यामागं दोरीला कबरी आणि कबरीच्या मागं दोन करडं. कापडवाल्याच्या दुकानातली थट्टा धनगरवाड्यांत पोचायला किती वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं.

ती वर आली नाही. पदराची गाठ दातानं सोडली आणि माझ्या ताजव्याच्या पारड्यात दोन मणी ठेवले. काळपट पडलेले, चेपलेले.

“तोला,” ती म्हणाली.

“मावशी, बस तरी. कुठं सापडले?”

“लेंडीत. थुकले नाय म्हंजे खालून जात्याल, आज ना उद्या. म्हणून कबरीला कळपापास्नं येगळं बांधलं. रोजचं रोज चाळलं. एक आखाडात घावला, एक परवा.” तिनं हात पुढं केले नाहीत, पण मला दिसले. चार महिने, भर पावसात, एका शेळीच्या लेंड्या चाळलेले हात. “तोला म्हणते ना. एकट्यानं नगं. त्या कापडवाल्याला बोलवा, अजून दोघांला बोलवा. म्हातारीनं घासून घेतलं म्हणाल न्हायतर.”

मी बोलावलं. कापडवाला आला, किराणावाला आला, रस्त्यावरचे चार लोक थांबले. मी मण्यांतली लाख काढली, सोनं स्वच्छ केलं, गुंजा टाकून तोललं. गुंजभर इकडचं तिकडं नव्हतं. आयुष्यभर लोकांनी माझी झडती घेऊन मला घरी पाठवलं आणि मी त्यावर विनोद करत आलो. कुणावर संशय घ्यायची पाळी आली तेव्हा मी तो पहिल्या झटक्यात तिच्यावर घेतला, जिनं माझं नाव वाचवलं होतं. सगळ्यांसमोर मी तिच्या पायांशी वाकलो. म्हणालो, “मावशी, मी बोललो ते चुकलो.”

“पाया पडू नका,” ती पाय मागं घेत म्हणाली, “शेळी बुजती.”

मी म्हटलं, यातला एक मणी तरी ठेव, नातीच्या गळ्यात घाल. तिनं मान हलवली. “तुमच्या मालकिणीच्या कुड्या करा आधी. कान उघडे हायत म्हणं तिचे.” मग तिनं कबरीच्या गळ्यातली पितळेची घंटी सोडली. कडेला चिरली होती, आवाज बद्द यायचा. “एवढी सांधून द्या. फुकट नगं, काय व्हईल ते घ्या.”

पितळेला साधा डाग पुरतो. मी तिच्याकडे पाठ केली, डब्यातून शुद्ध चांदीचा तुकडा काढला आणि चीर भरून वर चांगला जाड थर दिला. वरून काळं केलं, कुणाला दिसू नये म्हणून. चार आणे मागितले, तिनं घासाघीस करून दोन दिले. घंटी वाजवून बघितली, बरी म्हणाली आणि निघाली.

लोक सोनाराला विचारतात, खरं सांग, धंद्यात कधी गिऱ्हाइकाच्या नकळत काही मिसळलंस का? मिसळलं. पन्नास वर्षांत एकदा.